पेन्सिलीनं लिहिलेलं

माझ्या हातून चुकीचं औषध कधी गेलेलं नाही. बत्तीस वर्षं मी औषधाच्या दुकानात उभी आहे. ज्यानं लिहिलं त्या डॉक्टरलाही वाचता येणार नाही असं अक्षर मी वाचते, नाव तीनदा ताडून बघते, मुदत बघते, मगच गोळ्या पुडीत घालते. एकदा एका डॉक्टरांना फोन करून मी सरळ विचारलं होतं, "हे तुम्ही झोपेत लिहिलंय का?" वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत, पण पेशंट वाचला. त्यामुळे माझ्या वागण्यात थोडा ताठा आहे, हे मला मान्य आहे. आमचे हे म्हणतात, थोडा नाही.

हे घड्याळं दुरुस्त करतात. दुकानाच्या दर्शनी कोपऱ्यात त्यांचं टेबल आहे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि मी गिऱ्हाईकावर खेकसले की खाली मान घालून हसायचं, एवढे दोन उद्योग.

दर गुरुवारी दुपारी दुकान दोन तास बंद असतं. तेव्हा मागच्या गोदामात, सलाईनच्या खोक्यांमधे, आमचा बायबलचा वर्ग भरतो. सात-आठ बायका, एक पंखा, आणि बसायला जे खोकं मजबूत असेल ते. हा वर्ग माझ्या सासूबाईंनी सुरू केला. त्या गेल्या तेव्हा तो माझ्याकडे आला, आणि वर्गाबरोबर त्यांची वही आली. कुठला अध्याय कधी घ्यायचा, कुठल्या वचनाला कुठलं वचन जोडायचं, सगळं त्या वहीत होतं. पण पानं सुटायला लागली होती, म्हणून एका उन्हाळ्यात बसून मी ती सगळी नव्या वहीत उतरवली. औषध कंपनीचा माणूस फुकट बॉलपेनं देऊन जायचा, त्यातलीच चार संपली. अक्षर न अक्षर उतरवलं मी. सगळं एका शाईत, एका वळणात, अगदी छापल्यासारखं. चर्चच्या पाळकसाहेबांनी वही बघून कौतुक केलं तेव्हा मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. ग्रंथालयात काम करणारी एक मुलगी वर्गाला येते. त्याच्या वीस दिवस आधी तिची आई गेली होती, आणि त्यानंतर ती पहिल्यांदाच आली होती. सुरुवातीची प्रार्थना चालू असतानाच तिला रडू फुटलं. हुंदका दाबायला गेली आणि तो आणखीच मोठा आला.

तिच्या शेजारी इस्त्रीवाली बसली होती. रस्त्यापलीकडे तिचं कपडे इस्त्री करायचं दुकान आहे, आणि माझ्या वर्गाचा एकही गुरुवार न चुकवणारी तीच एकटी. तिनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "रडायचं नाही गं. ज्या घरात देव राहतो, त्या घरात रडू नये. शास्त्रात लिहिलंय. माझी मुलगी गेली ना, तेव्हा ह्या मावशींनीच मला सांगितलं. नऊ वर्षं झाली. एक थेंब नाही काढला मी."

यात बढाई नव्हती. जेवणानंतर एक गोळी घे, असं एखादी दुसरीला सांगते, त्याच मायेनं ती सांगत होती. आणि मी? मी समाधानानं मान हलवली. देवा, ती मान अजून मला आठवते.

मुलीनं डोळे पुसले. "कुठे लिहिलंय, मावशी? घरी जाऊन वाचावं म्हणते. कुणीतरी सांगितलेलं आणि स्वतः वाचलेलं, फरक पडतो ना."

आडवा प्रश्न नव्हता तो. तिला आधार हवा होता. मी वही उघडली. वाक्य होतं, पण पुढे अध्याय-वचन काही नव्हतं. "स्तोत्रांत असणार," मी म्हटलं. "पुढच्या गुरुवारी नेमकं सांगते."

मी रोज पहाटे उठून दुकान उघडायच्या आधी एक अध्याय वाचते. लग्न झाल्यापासूनचा नेम. त्या आठवड्यात एका अध्यायावर भागलं नाही. शुक्रवारी आणि शनिवारी सगळी स्तोत्रं पालथी घातली. वाक्य नाही. रविवारी उपासनेहून आले ती संदेष्ट्यांच्या पुस्तकांमागे लागले. तिथेही नाही. सोमवारी शिष्यांची पत्रं काढली. माझा पारा चढत चालला होता. एका गिऱ्हाइकानं खोकल्याचं औषध गोड आहे का विचारलं, तर त्याला म्हटलं, "मग पेढे घ्या की!"

वाक्य सापडत नव्हतं आणि भलतंच सापडत होतं. जिकडे बघावं तिकडे माणसं रडताहेत. राजे रडताहेत, संदेष्टे रडताहेत, एक शिष्य बाहेर जाऊन धाय मोकलून रडतोय. एकजण तर रात्रभर रडून अंथरूण भिजवतोय आणि तेही देवाला सांगतोय. एका स्तोत्रात तर देव माणसाची आसवं कुपीत भरून ठेवतो. बाटल्यांचा धंदा माझा, आणि ही एक बाटली माझ्या नजरेतून कशी काय सुटली?

मंगळवारी पहाटे शुभवर्तमानातला तो प्रभूच्या मित्राच्या थडग्याचा अध्याय आला. दरवर्षी शिकवते मी तो. वहीत त्याचं शीर्षक आहे 'मेलेल्याला उठवलं', त्यामुळे माझी सगळी धाव तिकडेच असते, थडगं उघडतं तिथे. त्या दिवशी मात्र मी एकेक शब्द बोट ठेवून वाचत होते. मित्राची बहीण रडत येते. तिच्याबरोबरचे लोक रडताहेत. प्रभू तिला गप्प बस म्हणत नाही. तो स्वतः रडतो.

मी पुस्तक मिटलं. चहा गार झाला होता.

बुधवारी संध्याकाळी दुकान आवरताना ह्यांनी विचारलं, "काय हरवलंय? आठवडाभर कुणाला सुखानं बोलू देत नाहीयेस."

मी सांगितलं. हे म्हणाले, "आईची वही बघितलीस?"

"रोजच बघते की."

"ती तुझी वही. मी आईची म्हणतोय."

मला वाटत होतं ती केव्हाच रद्दीत गेली. ह्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला, घड्याळांच्या जुन्या तबकड्या बाजूला केल्या आणि फडक्यात गुंडाळलेली ती वही काढली. पान शोधलं. डोळ्यावरचं भिंग काढून माझ्या हातात दिलं.

भिंगाची गरजच नव्हती. पानावर वरची चार वचनं शाईनं लिहिलेली होती, पुढे अध्याय, क्रमांक, सगळं. त्याखाली तेच वाक्य होतं. पेन्सिलीनं.

"आईचा नियमच होता तो," हे म्हणाले. "वचन शाईनं, स्वतःचं पेन्सिलीनं. देवाचं खोडायचं नाही आणि माझं कधीही खोडता आलं पाहिजे, म्हणायची. तुला सांगितलं नव्हतं?"

सांगितलं असेलही. सासूबाई सांगत असताना मी कधी नीट ऐकलंय? मी भराभर पानं उलटली. पानोपानी शाई आणि पेन्सिल, शाई आणि पेन्सिल. आणि मी बयेनं चार बॉलपेनं संपवून सगळं एक करून टाकलं होतं.

"हे पान धाकटा गेला त्या महिन्यातलं आहे," हे म्हणाले. ह्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना वारला, एवढंच मला माहीत होतं. "बाबा पार खचले होते. आई त्यांच्यासमोर घट्ट राहायला बघायची. हे तिनं स्वतःला बजावलंय गं. वर्गासाठी नाही लिहिलेलं."

त्या वाक्याखाली पेन्सिलीनंच, बारीक अक्षरात, आणखी दोन ओळी होत्या. 'आज जमलं नाही.' आणि त्याखाली, 'आजही नाही.' उतरवताना मी त्या ओळी वाचल्या होत्या. चांगल्या आठवतात. काहीतरी घरकाम राहिलं असेल, असं समजून गाळून टाकल्या होत्या.

मी खोक्यावर बसले. मग माझा मूळ स्वभाव डोकं वर काढायला लागला. "उद्या मुलीला सांगते, जागा सापडली नाही म्हणून. खोटं तर नाही ते."

"आणि इस्त्रीवालीला?"

"तिचं नऊ वर्षांपूर्वीचं आहे. आता कशाला खपली काढायची? बरी सावरलीये ती."

ह्यांनी वही पुन्हा फडक्यात गुंडाळली. आवाज न चढवता म्हणाले, "तुझ्या हातून चुकीचं औषध गेलं असतं, तर काय केलं असतंस?"

"धावत गेले असते. अनवाणी."

"मग?"

माणूस कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा पळवाट ठेवत नाही. मला इतका राग आला की मी शटर माझ्या हातानं धाडकन ओढलं. राग त्यांचा नव्हता, हे त्यांनाही कळलं असणार.

गुरुवारी वर्गाच्या तासभर आधी मी वही घेऊन रस्ता ओलांडला. इस्त्रीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला चुरगळलेल्या कपड्यांची गाठोडी, दुसऱ्या बाजूला घड्या, प्रत्येक घडीला नंबराची चिठ्ठी टाचलेली. मधे टेबल, टेबलावर जाड चादर, आणि टेबलामागे ती. सरळ मुद्द्यावर यायचं असं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं, "फार काम आहे का गं?"

"आहे की. आज काय मावशी, वर्गाआधीच?"

"मी तुला चुकीचं दिलं."

तिला हसू आलं. "काय, ती डोकेदुखीची गोळी? अहो, तिनं तर बरं वाटलं."

"गोळी नाही. तुझी मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी येऊन मी तुला सांगितलं, देवाच्या घरात रडू नये. शास्त्रात लिहिलंय असं सांगितलं. शास्त्रात तसं कुठेही लिहिलेलं नाही. ते माझ्या सासूबाईंनी स्वतःपुरतं लिहिलं होतं आणि मी ते देवाच्या नावावर खपवलं."

मी वही तिच्यासमोर उघडली. तिनं इस्त्री उभी ठेवली, हात पुसले आणि बोट फिरवत सावकाश वाचलं. "हे 'जमलं नाही' म्हणजे काय?"

"न रडणं. त्यांना ते जमलं नाही."

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. टेबलावरच्या सदऱ्याची घडी घातली, चिठ्ठी टाचली, घडी ढिगावर ठेवली. मग विचारलं, "आणि प्रभू?"

"प्रभू स्वतः रडला. मित्राच्या थडग्यापाशी, चार माणसांसमोर. थोड्याच वेळात त्याला उठवणार होता, हे ठाऊक असूनही रडला."

"हा धडा तुम्ही दरवर्षी घेता."

"हो."

"मग प्रभू रडला ते वाक्य?"

"घाईनं ओलांडून जात होते गं."

मला वाटलं, आता रडेल. मी स्वतःशी तशी तयारीही केली होती, पाण्याचा पेला कुठे आहे ते बघून ठेवलं होतं. पण तिचे डोळे कोरडेच होते, आणि आवाज आला तो माझ्या अंगावर आला.

"नऊ वर्षं, मावशी! माझं राहू द्या. देवाचं ऐकतेय असं वाटायचं, त्या जोरावर मी ढकलले दिवस. पण आमच्या ह्यांना मी रडू दिलं नाही हो! चौथ्या दिवशी ह्यांना जेवता जेवता हुंदका आला, तर मी तोंडावर हात दाबला. ह्या हातानं. म्हटलं, घरात नाही, घरात देव आहे. तेव्हापासून मोरीत जातात, दार लावतात, नळ सोडतात. आणि मी बाहेरून ओरडते, पाणी वाया जातंय म्हणून!"

एरवी सगळ्या गावाला उत्तरं देते मी. "माफ कर मला," एवढंच म्हटलं.

"ते बघू नंतर." तिनं कमरेची चावी काढली आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. भर दुपारी, एवढं काम पडलेलं असताना. "आधी वर घरी चला. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मीच थकले म्हणून पळवाट काढतेय. तुम्ही सांगितलं होतं, तुम्हीच परत घ्या."

जिन्यात मी ग्रंथालयातल्या मुलीला फोन केला. "वर्ग आज तू घे. थडग्याचा अध्याय काढ. प्रभू रडतो तिथे थांब, पुढे जायची घाई करू नकोस. आणि तू विचारलेलं ते वाक्य शास्त्रात नाही. चूक माझी आहे, तसं सगळ्यांना सांग. मी येऊन पुन्हा सांगेनच." ती म्हणाली, "बरं झालं, मावशी." तिचा आवाज भरून आला होता आणि या वेळी तिनं तो दाबला नाही.

वर एक खोली आणि स्वयंपाकघर. इस्त्रीवालीचा नवरा पाट्या रंगवतो. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून तो कुठल्याशा दुकानाची पाटी करत होता. खडूनं आखलेली अक्षरं अर्धी भरून झाली होती. मला बघून तो ब्रश घेऊनच उठायला लागला. "या ना, ताई. बसा. रंगाचा वास आहे जरा."

मी बसले नाही. बसले असते तर बोलणं लांबवलं असतं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खाली सांगितलं होतं तसंच, काही कमी न करता. सासूबाईंची वही दाखवली. प्रभूचं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. ब्रशच्या टोकाला लाल रंग होता आणि तो कागदावर टपकू नये म्हणून त्यानं खाली दुसरा हात धरला होता.

माझं बोलून झालं. त्यानं वर बघितलं, पण माझ्याकडे नाही. बायकोकडे.

"म्हणजे," त्यानं विचारलं, "घरात चालेल?"

पन्नाशीचा माणूस. स्वतःच्या घरात, बायकोला विचारत होता.

"चालेल," ती म्हणाली.

त्यानं ब्रश टर्पेंटाईनच्या डब्यात नीट उभा केला. मग तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. मी माणसं रडताना पुष्कळ पाहिली आहेत, दुकानात चिठ्ठी हातात घेऊन रडलेलीही पाहिली आहेत. पण असं मोठ्यानं, तोंड उघडं टाकून रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ बंद केला. इस्त्रीवाली क्षणभर तशीच उभी राहिली. तिचा हात सवयीनं त्याच्या तोंडाकडे निघालासुद्धा. मग तो त्याच्या डोक्यावर गेला, आणि तीही त्याच्याजवळ खाली बसली.

"आपली टकळी," ती म्हणाली. "आपली टकळी हो."

पोरगी झोपेतसुद्धा बोलायची, म्हणून तिला घरात टकळी म्हणायचे. माझ्याकडे चिठ्ठी घेऊन यायची तेव्हा काउंटरला लोंबकळून मलाच दहा प्रश्न विचारायची, ही बाटली काळी का, ती गोळी गुलाबी का. मी म्हणायची, गप गं बाई, हिशेब चुकतोय माझा. नऊ वर्षांत ते नाव त्या घरात, किंवा माझ्या दुकानात, कुणी उच्चारलं नव्हतं. आता ती दोघं आळीपाळीनं तेच एक नाव घेत होती, आणि त्यापुढचं त्यांना काही बोलता येत नव्हतं.

त्यांना एकटं सोडून निघावं म्हणून मी वळले. इस्त्रीवालीनं मागे न बघताच माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. माफ केल्याची खूण होती की शिक्षा, ते मी अजूनही तिला विचारलेलं नाही. मी त्यांच्या शेजारी रंगाच्या कागदांवर बसले. त्या दिवशी, नऊ वर्षांपूर्वी, हिला शिकवायच्या नादात त्या पोरीसाठी मीही रडले नव्हते. आता रडले.